तृतीयपंथी रुग्णाला सरकारी दवाखान्यात कोणते हक्क आहेत? वाचा सविस्तर

ताप, साखर, बीपी, मोडलेला हात... तृतीयपंथी व्यक्तीची दुखणी इतरांसारखीच असतात. अडचण सुरू होते ती केसपेपरच्या खिडकीवर. 'बाई लिहू की पुरुष?' असं मोठ्यानं विचारलं जातं आणि सगळी रांग वळून बघते. मग अनेकजण दवाखानाच टाळतात, दुखणं अंगावर काढतात आणि आजार बळावल्यावर धावपळ होते.

कायदा काय सांगतो?
सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख दिली. त्यानंतर 2019 चा कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्यानुसार तृतीयपंथी आहे म्हणून उपचार नाकारणं किंवा उपचारात दुजाभाव करणं याला मनाई आहे.

खर्चाचं काय?
राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. मोठ्या उपचारांसाठी केंद्राची 'आयुष्मान भारत टीजी प्लस' योजना आहे. तिच्यात वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचं तृतीयपंथी ओळख प्रमाणपत्र लागतं. अर्ज ऑनलाइन करता येतो.

मनानं गोळ्या घेऊ नका
ओळखीच्या कुणाकडून ऐकून हार्मोनच्या गोळ्या घेणं धोक्याचं आहे. इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. तंबाखू-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका जास्त. पायाला एकाएकी सूज आली, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच 108 ला फोन करा. गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

पैसा न लागता होणारे बदल
केसपेपरवर तिसरा रकाना ठेवणं, रुग्ण सांगेल त्या नावानं हाक मारणं, तपासणीच्या वेळी पडदा लावणं, कोणत्या वॉर्डात ठेवायचं हे रुग्णालाच विचारणं. यासाठी ना इमारत लागते ना निधी. आशाताईंनी घरभेटीत या घरांनाही धरलं, तर बीपी-शुगरची तपासणी वेळेवर होईल. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा विषय गावकऱ्यांनाही मांडता येतो.

तक्रार कुठे?
प्राथमिक आरोग्य केंद्राबाबत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण रुग्णालयाबाबत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. आरोग्य सल्ल्यासाठी 104 आणि मानसिक ताणासाठी 'टेलि-मानस'चा 14416 हा नंबर आहे.