दिवसा शेत, रात्री पाणी : हिवाळी पाहुण्या करकोच्यांचे स्थलांतर

पावसाळा सरून आभाळ निवळले आणि सुगीची कामे मार्गी लागली, म्हणजे उत्तरेकडील थंड प्रदेशांतून लांब पायांच्या मोठ्या पक्ष्यांचे थवे दख्खनच्या पठारावर उतरू लागतात. हे पक्षी पाहण्याचे बेळगाव जिल्ह्यातील प्रसिद्ध स्थान म्हणजे सांबऱ्याच्या उत्तरेस, गोकाक तालुक्यात असलेले घटप्रभा पक्षी अभयारण्य होय. घटप्रभा नदीवर धुपदाळ येथे १८९७ साली शेतीच्या पाण्यासाठी बंधारा पुरा झाला. बंधाऱ्यामागील उथळ पाणी व त्यातील बेटे पक्ष्यांना मानवली आणि १९७४ साली सुमारे ३० चौरस किलोमीटरचा हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. माणसाने पिकासाठी अडविलेले पाणी परदेशी पक्ष्यांचा आसरा ठरावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

दोन प्रमुख पाहुणे

नोव्हेंबर ते मार्च हा या पाहुण्यांचा हंगाम. त्यांत कांड्या करकोचा आणि श्वेत बलाक हे दोन पक्षी विशेष प्रसिद्ध आहेत. कांड्या करकोचा हा क्रौंच कुळातील सर्वांत लहान पक्षी. तरीही त्याची उंची सुमारे तीन फूट भरते. अंग राखी, मान काळी, छातीवर लोंबणारी काळी पिसे आणि डोळ्यांमागे पांढऱ्या पिसांचे झुबके, यांवरून तो ओळखता येतो. श्वेत बलाक त्याहून थोराड असतो. त्याचे अंग पांढरे, पंखांच्या कडा काळ्या, तर चोच व पाय लाल असतात. उडताना हे दोन्ही पक्षी मान सरळ पुढे ताणतात. बगळा मात्र मान आखडून घेतो. दुरून ओळख पटविण्यास एवढी खूण पुरेशी आहे.

स्थलांतर कशासाठी ?

कांड्या करकोच्याची वीण काळ्या समुद्रापासून मंगोलियापर्यंत पसरलेल्या गवताळ प्रदेशांत होते. भारतात येणाऱ्या श्वेत बलाकांपैकी पुष्कळ मध्य आशियातील असतात. तेथे हिवाळ्यात जमीन व पाणी गोठते, कीटक नाहीसे होतात आणि दाणे बर्फाखाली गाडले जातात. म्हणजे पक्षी स्थलांतर करतात ते केवळ थंडीच्या भयाने नव्हे, तर अन्नाच्या शोधात. उन्हाळ्यात तेच प्रदेश दीर्घ दिवसांचे व विपुल अन्नाचे होतात. म्हणून पिले वाढविण्यासाठी ते पुन्हा तिकडे परततात.

हा प्रवास सोपा नाही. कांड्या करकोच्यांचे अनेक थवे हिमालय ओलांडतात. नेपाळमधील धवलगिरी व अन्नपूर्णा या पर्वतांमधली काली गंडकीची दरी हा त्यांचा प्रसिद्ध मार्ग आहे. विरळ हवा, उलटे वारे आणि टपून बसलेले सोनेरी गरुड यांना तोंड देत ते पुढे सरकतात. श्वेत बलाक तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने, पंख फारसे न हलविता तरंगत जातो. यास्तव तो दिवसा प्रवास करतो आणि विस्तीर्ण समुद्र शक्यतो टाळतो.

पूर्वी अशा पक्ष्यांविषयी अनेक तर्क चालत. १८२२ साली जर्मनीत एक श्वेत बलाक सापडला. त्याच्या मानेत आफ्रिकेतील भाला रुतलेला होता. हे पक्षी दूरदेशी जातात याचा तो बोलका पुरावा ठरला. पुढे १८९९ साली डेन्मार्कमधील शिक्षक मॉर्टेन्सन यांनी पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली कडी घालण्याची पद्धत शास्त्रशुद्धपणे सुरू केली. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले.

दुहेरी गरज

या पाहुण्यांच्या जीवनातील मर्म त्यांच्या दिनक्रमात आहे. कांड्या करकोचा दिवसा कापणी झालेल्या शेतात सांडलेले धान्य, शेंगा व किडे टिपतो. रात्री मात्र तो उथळ पाण्यात किंवा नदीकाठच्या मोकळ्या वाळूत थव्याने उभा राहतो. कारण कोल्हा वा कुत्रा जवळ आल्यास तेथे तत्काळ चाहूल लागते. शेत आहे पण निवांत पाणी नाही, अथवा पाणी आहे पण चरावयास मोकळे रान नाही, अशा ठिकाणी तो टिकत नाही. केवळ अभयारण्याची सीमा आखून त्याचे रक्षण होत नाही, ते यामुळेच. त्याची अर्धी गरज अभयारण्याबाहेर, शेतकऱ्याच्या रानात भागते.

क्वचित हे थवे हरभरा वा भुईमुगाच्या उभ्या पिकात उतरतात. तेव्हा त्यांना हाकलणे स्वाभाविक आहे. परंतु विष घातलेले दाणे टाकणे वा फासे लावणे सर्वथा अनुचित होय. करकोच्याची मादी एका विणीत बहुधा दोनच अंडी घालते आणि पिले पहिल्या हिवाळ्यात आईबापांसोबतच प्रवास करतात. एक जोडी मारली गेल्यास पिलांचे वाटाडेच नाहीसे होतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अशी शिकार शिक्षेस पात्र आहे.

विमानतळाशेजारची जबाबदारी

सांबरा गावाच्या बाबतीत आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. येथील विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील, १९४२ सालचा. विमान आणि मोठा पक्षी यांची टक्कर दोघांनाही घातक ठरते. २० मे २०२४ रोजी मुंबईतील घाटकोपर येथे विमानाची धडक बसून ३९ रोहित पक्षी मृत्युमुखी पडले. विमानतळाभोवती दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर केरकचरा टाकण्यास व जनावरे कापण्यास १९३७ च्या विमान नियमांनी मनाई केली, ती याच धोक्यामुळे. घाणीवर घारी व गिधाडे जमतात. गाव स्वच्छ राखल्यास हा धोका पुष्कळच कमी होतो. करकोच्यांना आसरा द्यावयाचा तो धावपट्टीपासून दूरच्या तळ्यांवर व नदीकाठी.

गावाने काय करावे ?

ग्रामपंचायतीने तळ्याचा उथळ काठ भराव घालून बुजवू नये. हिवाळ्यात सायंकाळनंतर तेथे जाळी टाकणे, फटाके वाजविणे टाळावे. औषध लावलेले बियाणे पेरताना ते मातीआड जाईल याची शेतकऱ्यांनी काळजी घ्यावी. मेलेला पक्षी आढळल्यास त्यास हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास किंवा वनखात्यास कळवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून पहिला थवा कधी दिसला, शेवटचा कधी गेला व संख्या अंदाजे किती होती, याची नोंदवही ठेवून घ्यावी. वर्षानुवर्षे ठेवलेली अशी वही अभ्यासकांस मोलाची ठरते आणि मुलांनाही आपल्या शिवाराकडे पाहण्याची दृष्टी देते.

स्थलांतर करणाऱ्या वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९८३ साली सहभागी झाला. त्या कराराचे पालन अखेर घडते ते गावच्या तळ्याकाठी. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्यास रात्रभर निर्धास्त उभे राहता येईल एवढे उथळ पाणी राखणे, हे कोणत्याही गावाच्या आवाक्यातील काम आहे.