रविवारनंतरचे सहा दिवस

आपल्या भागातल्या तरुण मुलांशी गप्पा मारताना एक प्रश्न हमखास येतो. "आत्या, रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून प्रार्थना करणारा माणूस सोमवारी घरात तसाच चिडतो, दुकानात तसाच खोटं बोलतो. मग त्या प्रार्थनेचा उपयोग काय?" प्रश्न फक्त ख्रिस्ती घरांतला नाही. तुळशीची माळ घातलेल्या आजोबांबद्दल, पाच वेळा नमाज पढणाऱ्या चाचांबद्दलही मुलं हेच विचारतात. मी ख्रिस्ती घरात वाढले, म्हणून मला माहीत असलेल्या वाटेनं उत्तर शोधते.

आमचा बीदर जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा भालकी, औराद, बसवकल्याण हा मराठी बोलणारा पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. त्यामुळे आमच्या घरात चर्चची उपासना कन्नडमध्ये, बाजारातलं बोलणं दखनीत आणि रात्रीची प्रार्थना मराठीत. या भागातली बरीच ख्रिस्ती कुटुंबं मेथडिस्ट मंडळीची आहेत. बीदरच्या मंगलपेठेतलं सेंट पॉल चर्च त्याच मंडळीचं. या पंथाची सुरुवात कशी झाली हे कळलं की वरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली या पाळकानं ही चळवळ सुरू केली. ब्रिस्टल शहरात त्यांच्या सभागृहावर कर्ज झालं होतं. १७४२ मध्ये ते फेडायला बैठक बसली, तेव्हा फॉय नावाच्या कप्तानानं सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना ती कुठून परवडणार, असं कोणी म्हणताच तो म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. मग बारा-बारा जणांचे गट पडले आणि प्रत्येक गटाचा पुढारी दर आठवड्याला घरोघर जाऊ लागला.

पेनी गोळा करताना पुढाऱ्यांना घरातली भांडणं दिसली, दारू दिसली, रुसवे दिसले. वेस्लींच्या लक्षात आलं की ज्याची वाट पाहत होतो ते हेच. कर्जवसुलीची ती फेरी पुढे एकमेकांची विचारपूस करण्याची रीत झाली: हा आठवडा कसा गेला, कुठे घसरलास, पुढे काय करणार? १७४३ मध्ये वेस्लींनी सभासदांसाठी नियम छापले. त्यांचा गाभा तीन गोष्टींचा: वाईट करू नका, होईल तितकं चांगलं करा, प्रार्थना आणि शास्त्रवाचन सोडू नका. सभासद व्हायला निर्दोष असण्याची अट नव्हती. सुधारायची इच्छा मात्र हवी होती, आणि ती वागण्यातून दिसायला हवी होती. खुद्द वेस्लींचाही संसार सुखाचा झाला नाही. १७५१ मध्ये झालेलं त्यांचं लग्न कडवटपणातच संपलं.

आमच्याकडे घराघरांत होणाऱ्या प्रार्थनासभा मला याच रीतीची धाकटी बहीण वाटतात. सतरंजी अंथरायची, गाणं, वाचन, मग एकेकानं मनातलं बोलायचं. आमच्या गटातला एक जण अडतीवर कामाला होता. आलेल्या तुरीत ओलावा जास्त दाखवून शेतकऱ्याच्या वजनातून कपात केली जायची आणि तो गप्प राहायचा. एका संध्याकाळी त्यानं ते बोलून दाखवलं. कोणी उपदेश केला नाही. एका आजींनी एवढंच विचारलं, "मग त्यांचे पैसे?" पुढच्या आठवड्यात त्यांनीच पुन्हा विचारलं. त्याला दोन महिने लागले, पण ओळखीच्या शेतकऱ्यांना त्यानं स्वतःच्या पगारातून थोडेथोडे पैसे परत दिले, आणि नंतर ती नोकरीही सोडली.

लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय आठवा. तो जकातदार. येशू त्याच्या घरी जेवायला येतो तेव्हा तो नुसता रडत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं कबूल करतो. पश्चात्तापात हिशोबही येतो, हे आपण पुष्कळदा विसरतो.

मराठीत या विषयावरचं सगळ्यांत प्रामाणिक पुस्तक माझ्या मते लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे परतल्या तरी आधी आपला धर्म सांभाळूनच राहिल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती झाल्या. आजही मराठी चर्चमध्ये टिळकांची भजनं गायली जातात. पण हाच माणूस घरात भयंकर रागीट, रागाच्या भरात घर सोडून जाणारा, आणि हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणारा. बाईंनी यातलं काहीही झाकलं नाही. हसत हसत सगळं लिहिलं. त्यांच्या लिखाणात टिळकांचा राग खरा आहे आणि त्यांची भक्तीही खरी आहे. टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' बाईंनीच पूर्ण केलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'माणूस दुर्बल आहे' हे वाक्य स्वतःबद्दल म्हणायचं असतं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर, तोही माणूसच' असं सांगणं ही श्रद्धा नव्हे. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, आणि तिला तिथवर पोहोचवणं हे मंडळीचं काम आहे. क्षमा मागणाऱ्यानं आधी हात थांबवायला हवा.

आपली वाट कोणतीही असो, ही शिकवण आपल्या मातीला परकी नाही. बाराव्या शतकात बसवकल्याणला अनुभव मंटपात वेगवेगळ्या व्यवसायांची माणसं एकत्र बसत, आणि शरणांच्या वचनांमध्ये दुसऱ्यांच्या दोषांइतकीच स्वतःच्या मनाची झडतीही आहे. वारकरी दर एकादशीला, दर वर्षी पुन्हा निघतो. मेथडिस्ट मंडळीत १७५५ पासून देवाशी केलेला करार पुन्हा म्हणण्याची उपासना आहे. ती बहुधा नव्या वर्षाच्या सुरुवातीला होते. वचन एकदा देऊन भागत नाही, हे या सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून त्या प्रश्नाला माझं उत्तर असं: प्रार्थना करणारा माणूस सोमवारी चिडला एवढ्यावरून प्रार्थना खोटी ठरत नाही. मंगळवारी तो काय करतो ते बघा. बायकोची माफी मागतो का? घेतलेले पैसे परत करतो का? आणि त्याला हे विचारू शकेल असं एक तरी माणूस त्याच्या आयुष्यात आहे का? नोकरीसाठी तुम्ही पुण्यात, बेंगळुरूत किंवा परदेशात असाल, तर आठवड्यातून एकदा खरं बोलता येईल असे दोन-तीन मित्र तिथे जोडा. व्हॉट्सॲपवर शास्त्रवचन पुढे पाठवणं सोपं आहे, "तुझा आठवडा कसा गेला?" असं विचारून उत्तर पूर्ण ऐकायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास काढा.