बर्फ कमी, धोका जास्त

दावोसजवळच्या दिश्मा खोऱ्यात फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी आमच्या पायाखालचा बर्फ खचला. खचला म्हणजे फार तर सेंटिमीटरभर. पण आवाज आला, 'व्हुम्फ!' शेजारच्या खोलीत कुणी जड गादी टाकावी तसा. आमची गाईड जागीच थांबली आणि तिने हात वर केला. आम्ही पाचही मित्र गप्प झालो. आम्ही जवळजवळ सपाट जागेवर उभे होतो. वर, शंभरेक मीटरवर, आज जो चढायचा ठरला होता तो सुंदर, पांढराशुभ्र, कुणाच्याही स्कीची रेघ नसलेला उतार होता.

आधी थोडं स्की टूरिंगबद्दल. यात लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला एक पट्टी चिकटवायची. तिच्यावरचे बारीक केस सगळे मागच्या बाजूला झुकलेले असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. पूर्वी यासाठी सीलची कातडी वापरत, आता नायलॉन किंवा अंगोरा शेळीची लोकर. तीन तास घाम गाळत चढायचं, वर पट्ट्या काढायच्या आणि वीस मिनिटांत खाली. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना हा हिशोब काही वेगळा वाटणार नाही.

त्या वर्षी बर्फ फार कमी पडला होता. 'बर्फ कमी, म्हणजे हिमस्खलनाची भीतीही कमी,' असं मी ट्रेनमध्ये मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं होतं. ते नेमकं उलट निघालं.

हिवाळ्यात बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशाला असते. उन्हाळ्यात साठलेली उष्णता थोडी थोडी वर येत राहते आणि बर्फ स्वतः गोधडीसारखा तिला धरून ठेवतो. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री खूप थंड होतो. आता समजा, थर दोन मीटर जाड आहे आणि पृष्ठभाग उणे १० अंशांवर. म्हणजे दर मीटरला ५ अंशांचा फरक. तोच थर ५० सेंटिमीटर असेल, तर दर मीटरला २० अंश. दर मीटरला साधारण १० अंशांच्या पुढे गेलं की बर्फाच्या पोटात गडबड सुरू होते. खालच्या उबदार कणांतून पाण्याची वाफ निघते, वर सरकते आणि थंड कणांवर पुन्हा गोठते. मध्ये पाणी होतच नाही. काही आठवड्यांत मूळचे बारीक, एकमेकांना चिकटलेले कण नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी मोठे, टोकदार, सुटे स्फटिक तयार होतात. मुठीत घेतले तर जाड साखरेसारखे बोटांतून गळतात. त्यांचा गोळा होत नाही.

नोव्हेंबरात पडलेला पातळ थर आणि त्यानंतरच्या कोरड्या, थंड रात्री यांनी आमच्या खोऱ्यात तळाशी हीच साखर करून ठेवली होती. जानेवारीअखेर त्यावर नवा बर्फ पडला, वाऱ्याने तो दाबून घट्ट पाट केला. साखरेच्या थरावर फळी ठेवावी, तशी रचना. वरून पाहिलं तर काहीच कळत नाही.

गाईडने फावडं काढून एका सुरक्षित बांधावर खड्डा खणला. सगळा थर मिळून ७० सेंटिमीटर. तिने ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा बर्फाचा ठोकळा बाजूंनी मोकळा केला, एका टोकाला फावड्याचं पातं ठेवलं आणि त्यावर हाताने थापा मारायला लागली. पहिल्या दहा मनगटातून, पुढच्या दहा कोपरातून, शेवटच्या दहा खांद्यातून, अशी ही चाचणी असते. तेराव्या थापेला तळाची साखर चिरडली आणि भेग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली. थापा एका टोकावर, आणि तुटला अख्खा ठोकळा. मला आत कुठेतरी थंड वाटलं ते तेव्हा.

कारण डोंगरावरही हेच होतं. माणसाचं वजन पूर्ण उतार कोसळवत नाही. ते एका जागी साखर चिरडतं, तिथे फळी किंचित खाली बसते, शेजारच्या साखरेवर भार येतो, ती चिरडते, आणि भेग पळत सुटते. आम्ही ऐकलेला 'व्हुम्फ' म्हणजे हीच भेग. आमच्याखाली उतार नव्हता म्हणून फळी जागेवर राहिली. साधारण ३० अंशांपर्यंत घर्षण तिला धरून ठेवतं, त्यापुढे ती सुटू शकते. आणि भेग सपाटीवर सुरू होऊन वरच्या उतारापर्यंत पोचू शकते. खाली उभं राहून वरचं छप्पर स्वतःच्या अंगावर घेणं ही गंमत नाही. ५० मीटर लांब, ५० मीटर रुंद, अर्धा मीटर जाड अशी फळी धरली आणि घनमीटरला २०० किलो धरले, तर २५० टन होतात.

पातळ बर्फाचा दुसरा तोटा यातच आहे. स्कीवरच्या माणसाचा दाब जेमतेम मीटरभर खोल पोचतो. थर जाड असेल तर तळाची साखर वाचते. पातळ असेल, विशेषतः खडकांच्या आसपास, तर नेमका तिच्यावरच पाय. आधी दहा जण त्याच उतारावरून गेले म्हणून तो पक्का, असंही नाही. अकरावा चुकीच्या ठिकाणी वळू शकतो.

आमच्यातला एक जण म्हणाला, "पण आज तर ३ आहे, पाचपैकी!" दावोसमधलीच बर्फ आणि हिमस्खलन संशोधन संस्था रोज धोक्याचं बुलेटिन काढते, १ ते ५ अशा पायऱ्यांत. शाळेपासून पाचात तीन म्हणजे 'बरं आहे' अशी आपल्याला सवय. या पायऱ्या मात्र समान उंचीच्या नाहीत, आणि ३ चं अधिकृत नाव 'लक्षणीय' असं आहे. स्वित्झर्लंडमधले हिमस्खलनाचे निम्म्याच्या आसपास मृत्यू याच पायरीवर होतात. ४ असेल तर शहाणी माणसं घरी बसतात. ३ ला ऊन पडलेलं असतं, बर्फ छान असतो, सुट्टी काढलेली असते. आणि बहुतेक वेळा हिमस्खलन बळी पडलेल्याने किंवा त्याच्याच सोबत्याने सुरू केलेलं असतं.

वेर्नर मुंटर या स्विस गाईडने यासाठी सोपा नियम दिला: पायरी २ असेल तर ४० अंशांच्या खाली राहा, ३ ला ३५च्या, ४ ला ३०च्या. समोरचा उतार नकाशावर नारिंगी होता, म्हणजे ३५ ते ४० अंश. प्रश्न तिथेच संपायला हवा होता. तरी आम्ही दहा मिनिटं वाद घातला. ट्रेनचे, गाईडचे, हॉटेलचे पैसे, आणि पुण्याहून खास आलेला मित्र. गाईडने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्यापैकी दोघं गाडले गेले तर उरलेले तिघं किती वेळात खणून काढाल?"

सकाळी निघताना प्रत्येकाच्या छातीवरचा ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्समीटर तिने तपासला होता. तो गाडलेल्याची जागा दाखवतो, त्याला बाहेर काढत नाही. पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले दहात नऊ वाचतात, त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने कोसळतं. थांबलेला बर्फ घट्ट बसतो, आणि सगळ्यात जास्त वेळ खणण्यातच जातो. आदल्या दिवशी सराव म्हणून आम्ही पुरलेली एक पाठपिशवी शोधली होती. आम्हाला अकरा मिनिटं लागली होती. पिशवी एकच होती, आणि आम्ही पाच जण होतो.

आम्ही वळलो. समोरच्या बाजूला पंचवीस अंशांच्या, वर काहीही लटकत नसलेल्या उतारावरून खाली आलो. बर्फ खडबडीत होता, माझ्या मित्राने तीनदा लोळण घेतली आणि तरी तो खूश होता. संध्याकाळी पाच वाजता कॉफी पिताना नवं बुलेटिन आलं. आकडा तोच, ३. 'कमकुवत जुना थर' हे शब्दही तेच. रविवारसाठी आम्ही नकाशावर एकही रंग नसलेला डोंगर शोधायला बसलो.