सहा विद्यार्थ्यांची सभा

'रॉयल मेडिकल सोसायटी' हे नाव कानावर पडलं की पिकल्या केसांचे नामांकित डॉक्टर डोळ्यांपुढे येतात. एडिंबराची ही संस्था मात्र पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्यांची आहे. अध्यक्ष विद्यार्थी, चिटणीस विद्यार्थी, खजिनदार विद्यार्थी. निबंध लिहिणारे तेच, त्यातल्या चुका काढणारेही तेच. वैद्यकीय महाविद्यालयांमधून आज ठिकठिकाणी विद्यार्थ्यांच्या संशोधन परिषदा भरतात, आपल्याकडेही भरतात. अशा उपक्रमांचं मूळ शोधत मागे गेलं, की स्कॉटलंडमधल्या या सभेपाशी थांबावंच लागतं.

गोष्ट 1734 सालची. एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकणाऱ्या सहा तरुणांना तापाने वारलेल्या एका परक्या स्त्रीचं शव विच्छेदनासाठी मिळालं. त्या काळी शव मिळणं ही सोपी गोष्ट नव्हती. सहाही जण जवळपास महिनाभर त्या कामात गढून गेले. काम संपल्यावर संध्याकाळी ते एका मद्यगृहात जमले आणि तिथे ठरलं की दर पंधरवड्याला कुणाच्या तरी बिऱ्हाडी भेटायचं. पाळी असेल त्याने इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये एक वैद्यकीय निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर आक्षेप घ्यायचे आणि लेखकाने आपली बाजू लढवायची. तीन वर्षांनी, 1737 मध्ये, या बैठकांना रीतसर संस्थेचं रूप आलं.

त्या सहांपैकी दोघांचं पुढे काय झालं हे सांगण्याजोगं आहे. जॉर्ज क्लेगहॉर्न तेव्हा जेमतेम अठराचा. तो लष्करी शल्यवैद्य म्हणून भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटावर गेला आणि तिथल्या साथींवर त्याने लिहिलेलं पुस्तक 1751 मध्ये निघालं. तापावर सिंकोनाच्या सालीचा उपयोग कसा होतो, याच्या त्यातल्या नोंदी पुढे बरीच वर्षं वाचल्या गेल्या. अलेक्झांडर रसेल सीरियातल्या अलेप्पोला गेला. तिथे लोकांच्या चेहऱ्यावर उठणाऱ्या आणि महिनोन्महिने न भरणाऱ्या फोडाचं त्याने केलेलं वर्णन 1756 मध्ये छापून आलं. तो आजार म्हणजे आजचा त्वचेचा लेशमॅनियासिस. याच रसेलचा सावत्र भाऊ पॅट्रिक पुढे मद्रास इलाख्यात आला आणि त्याने इथल्या सापांचा अभ्यास केला. आपल्या शेताबांधावरची घोणस इंग्रजीत आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

संस्थेचा खरा प्राण तिच्या कामाच्या रीतीत होता. प्रत्येक सभासदावर लेखनाची पाळी यायचीच. त्याला एखादा वादग्रस्त प्रश्न मांडावा लागे, एखाद्या रुग्णाची हकीकत लिहावी लागे आणि हिपोक्रॅटिसच्या एखाद्या सूत्रावर भाष्य करावं लागे. निबंध सभेच्या दिवशी पहिल्यांदा उघडत नसे. तो आधीच सभासदांमध्ये फिरवला जाई, ज्याला वाद घालायचा त्याने तो घरी वाचून, टिपणं काढून यायचं अशी अपेक्षा असे. उशीर आणि गैरहजेरी यांना दंड होता. प्राध्यापक खुर्चीत बसलेले नसत, त्यामुळे 'सर म्हणाले' या तीन शब्दांनी वाद मिटवायची सोय नव्हती. वाचून झालेले निबंध उतरवून बाडांमध्ये बांधून ठेवले जात. अठराव्या शतकातली ती हस्तलिखितं म्हणजे विशीतल्या मुलांनी त्या काळच्या वैद्यकाशी घातलेल्या झटापटीची नोंदवहीच आहे.

झटापट हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. 1780च्या सुमारास जॉन ब्राउन नावाच्या माणसाने एडिंबरा ढवळून काढलं. सगळे रोग म्हणजे शरीरातल्या उत्तेजनेचं कमीजास्त होणं, तेव्हा औषध एक तर उत्तेजना वाढवणारं किंवा ती कमी करणारं, असा त्याचा सिद्धान्त. उपचारात अफू आणि मद्य सढळ. ज्या प्राध्यापक विल्यम कलन यांनी त्याला आधार दिला होता, त्यांच्याच शिकवणीवर तो तुटून पडला. तो स्वतः या सोसायटीचा अध्यक्ष राहिलेला होता आणि तरुणांचा एक गट त्याच्या मागे उभा होता. सभेतले वाद इतके विकोपाला गेले, की सभेत बोललेल्या शब्दावरून कुणी कुणाला द्वंद्वाचं आव्हान दिलं तर त्याला काढून टाकायचं, असा नियमच करावा लागला. ब्राउनचा सिद्धान्त काळाच्या कसोटीला उतरला नाही. मला त्या नियमाचं मोल जास्त वाटतं. वाद बंद करायचा विचार त्या मुलांनी केला नाही, त्यांनी वाद सुरक्षित केला.

एव्हाना संस्थेची स्वतःची वास्तूही उभी राहिली होती. 1775 मध्ये सर्जन्स स्क्वेअरमधल्या तिच्या सभागृहाची कोनशिला याच कलन यांनी बसवली. 1778 मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाची सनद मिळाली. विद्यार्थ्यांच्या मंडळाला राजाची सनद, ही तेव्हाही दुर्मीळ गोष्ट होती आणि आजही आहे. इमारत, ग्रंथालय, हिशेब असं सगळं विशीतल्या मुलांच्या हाती होतं आणि ते त्यांनी सांभाळलं.

इथून बाहेर पडलेल्यांमध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे बेंजामिन रश होते, आणि ऑलिव्हर गोल्डस्मिथ होते, जे पुढे वैद्यकापेक्षा साहित्यात रमले. रिचर्ड ब्राइट, थॉमस अ‍ॅडिसन आणि थॉमस हॉजकिन हे तिघेही इथलेच सभासद. मूत्रपिंडाचा, अधिवृक्क ग्रंथींचा आणि लसिका ग्रंथींचा असे तीन आजार त्यांच्या नावांनी वैद्यकाच्या पुस्तकांत गेले. हॉजकिन यांनी विद्यार्थिदशेतच प्लीहेवर निबंध लिहिला होता. 1832 मध्ये त्यांनी जो गाजलेला शोधनिबंध मांडला, त्याचा विषयही लसिका ग्रंथी आणि प्लीहा हाच होता. विद्यार्थ्याचा प्रश्न कच्चा असतो असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पण या घरात मुलींना जागा नव्हती, आणि हे सांगताना वाईट वाटतं. सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या मैत्रिणींनी 1869 मध्ये एडिंबरा विद्यापीठात प्रवेश मिळवला. 18 नोव्हेंबर 1870 रोजी त्या शरीररचनेच्या परीक्षेला निघाल्या, तेव्हा सर्जन्स हॉलच्या दारात जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला. विद्यापीठाने शेवटपर्यंत त्यांना पदवी दिली नाही. मग जेक्स-ब्लेकने 1874 मध्ये लंडनला स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय काढण्यात पुढाकार घेतला. आपल्या डॉक्टर रखमाबाई याच विद्यालयात शिकल्या. सोसायटीचं दार मात्र स्त्रियांसाठी उघडायला 1960चं दशक उजाडावं लागलं.

त्याच दशकात संस्थेवर वाईट दिवस आले. जुनी वास्तू सोडावी लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या जमवलेलं ग्रंथालय 1969 मध्ये लिलावात गेलं. ग्रंथ गेले, रीत टिकली. 1957 पासून विद्यार्थीच 'रेस मेडिका' हे नियतकालिक चालवत आले आहेत, व्याख्यानं होतात, परिषद भरते.

ही परंपरा आपल्याकडेही पोचलेली आहे. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याची धुरा चार्ल्स मोरहेड यांच्याकडे होती. जन्म एडिंबराचा, एम.डी. एडिंबराची, 1828 सालची. त्यांच्या हाताखालून 1851 मध्ये जी पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी लाड होते. या पहिल्या पदवीधरांच्या काळातच कॉलेजची वैद्यकीय सोसायटी निघाली आणि देशी डॉक्टर आपल्या रुग्णांच्या हकीकती एकमेकांपुढे वाचू लागले.

आपल्या विद्यार्थ्यांना संशोधनाची वाट 1979 पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) अल्पकालीन शिष्यवृत्ती दाखवत आली आहे. प्रकल्प दोन महिन्यांचा, विषय मार्गदर्शकाच्या मदतीने निवडलेला. त्यातून आलेले निबंध घेऊन मुलं परिषदांना जातात, रात्र रात्र जागून सभागृह सजवतात, पाहुण्यांच्या गाड्या सांभाळतात, पोस्टर लावतात. त्या उत्साहाबद्दल मला मनापासून आदर आहे. निबंधाच्या वाट्याला मात्र मोजकी मिनिटं येतात, एकदोन प्रश्न होतात, परीक्षक गुण देतात आणि प्रमाणपत्र मिळतं. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो निबंध आधी पाहिलेला नसतो.

परिषदेच्या दोन दिवसांतली एक दुपार तरी वेगळी ठेवावी. चारच निबंध घ्यावेत. ते पंधरा दिवस आधी सगळ्यांना पाठवावेत, प्रत्येकाला तासभर द्यावा, परीक्षकांना पहिल्या रांगेतून उठवून मागे बसवावं आणि खुर्चीत तिसऱ्या वर्षाची एखादी मुलगी बसवावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही, परवानगीही बहुधा लागणार नाही. पुढच्या परिषदेची कार्यक्रमपत्रिका छापायला टाकण्याआधी कुणीतरी हे करून पाहावं.