विश्लेषण : इटलीचे द्राक्ष अकलूजला रुजले, मग वाइन वेगळी का?

इटलीतील ‘सँजोव्हेसे’ जातीचे द्राक्ष सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात पिकते आणि त्याची रेड वाइनही बनते. तरीही ती ‘किआन्ती’ ठरत नाही. जात तीच असताना फरक का पडतो आणि शेतकऱ्यासाठी त्याचा अर्थ काय?

इटलीत प्रदेशाला महत्त्व का?

तेथे वाइनची ओळख बहुधा प्रदेशावरून ठरते. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने १७१६ मध्येच किआन्तीची सीमा आखून दिली. १९६३ पासून देशभर कायद्याची चौकट आहे. ‘किआन्ती क्लासिको’त किमान ८० टक्के सँजोव्हेसे लागते. ‘बारोलो’ केवळ नेबिओलो द्राक्षाची असते आणि किमान ३८ महिने मुरवावी लागते.

चवीत फरक कोणता?

टस्कनीची सँजोव्हेसे आंबटसर, चेरीची आठवण देणारी असते. उत्तरेकडील पिएमोन्तेची बारोलो रंगाने फिकट, पण चांगलीच तुरट. हा तुरटपणा साली-बियांतील टॅनिनचा. मुरल्यावर तो मवाळ होतो. व्हेनेतोतील ‘अमारोने’साठी द्राक्षे आधी सुकवतात, त्यामुळे ती दाट आणि कडक होते. उष्ण सिसिलीची ‘नेरो दाव्होला’ गडद व भरदार असते.

अकलूजमध्ये काय घडले?

इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील या तीन कुटुंबांतील भावांनी ‘फ्रातेली’ वायनरी उभारली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थच ‘भाऊ’. टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांचे मार्गदर्शन लाभले. ‘सेत्ते’ या वाइनमध्ये सँजोव्हेसे आणि काबर्ने सोव्हिन्यो यांचे मिश्रण असते.

हवामान काय बदलते?

इटलीत वेल हिवाळ्यात विश्रांती घेते आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, हवा गार होत असताना होते. महाराष्ट्रात वेलीला अशी विश्रांती नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतात. जानेवारी ते मार्चमधील तोडणीच्या वेळी ऊन वाढत असते. उशीर झाला, की साखर चढते आणि आंबटपणा उतरतो.

बुलढाण्यासाठी धडा काय?

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या गावातील शेतकऱ्याने आधी जमीन पाहावी. भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते. वाइनच्या द्राक्षाला निचऱ्याची जमीन लागते. दुसरा प्रश्न विक्रीचा. बारीक, बियांची ही द्राक्षे फळबाजारात खपत नाहीत, गिऱ्हाईक वायनरीच. त्यामुळे रोपे लावण्याआधी लेखी खरेदी करार हवा.