हॉटेलात अपघात झाला, तर दाद कुठे मागायची?

सुट्टी लागली की आपली कुटुंबं घराबाहेर पडतात. कुणी महाबळेश्वरला, कुणी अजमेरला, कुणी लग्नासाठी परगावच्या हॉलवर. परत आल्यावर ज्या गोष्टी निघतात त्यांत एखादी अशीही असते: बाथरूमच्या शेवाळलेल्या फरशीवर खाला घसरल्या, जिन्यात दिवा नव्हता म्हणून मामू पडले, गीझरचा शॉक बसला. पुढचं वाक्य ठरलेलं, 'जाऊ द्या, नशिबात होतं.' पडणं नशिबात असेलही, पण जिन्यात दिवा लावायचं काम लॉजवाल्याचं होतं.

पैसे घेऊन खोली देणाऱ्याने ती सुरक्षित ठेवली पाहिजे. त्यात हयगय झाली आणि पाहुण्याला इजा झाली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे भरपाई मागता येते. दवाखान्याचा खर्च, बुडालेली कमाई, सोसलेला त्रास, सगळं मागणीत धरता येतं. मात्र नुसतं 'पडलो' म्हणून भागत नाही, हयगय दाखवावी लागते.

लग्नाच्या हॉलबद्दल आम्हाला हमखास विचारतात, 'पैसे तर मुलीच्या वडिलांनी भरले, आमचा काय हक्क?' हक्क आहे. पैसे भरणाऱ्याच्या संमतीने जो सेवा घेतो, तोही कायद्याने ग्राहकच. दावतीला आलेल्या नानीसुद्धा.

भिंतीवरच्या 'स्वतःच्या जबाबदारीवर' या पाटीलाही फार घाबरू नये. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात पार्किंगला दिलेली पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हॉटेलची हयगय असेल तर अशी सूचना छापून जबाबदारी झटकता येत नाही. प्रकरण गाडीचं होतं. माणसाच्या हाडांची किंमत त्याहून कमी कशी असेल?

खरी अडचण कायद्याची नसते, कागदाची असते. आमच्या ओळखीच्या एका बाईंचं मनगट लॉजच्या बाथरूममध्ये मोडलं. मॅनेजर भला वाटला, त्याने बिल माफ केलं आणि एका कागदावर सही घेतली. त्यावर लिहिलं होतं, 'आमची काही तक्रार नाही.' ना बिल हातात, ना फोटो. घरी येऊन ऑपरेशन करावं लागलं, तेव्हा तिथे राहिल्याचा पुरावाही त्यांच्याकडे नव्हता. म्हणून अशी सही करू नये आणि बिल भरून पावती घ्यावी. जागेचे फोटो लगेच काढावेत, कारण तासाभरात फरशी पुसली जाते. डॉक्टरांना इजा कुठे आणि कशी झाली ते सांगावं आणि केसपेपरवर लिहून घ्यावं. सीसीटीव्हीचं चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं, ते जपून ठेवा असं मॅनेजरला लेखी कळवून पोच घ्यावी. इजा गंभीर असेल तर पोलीस ठाण्यातही तक्रार द्यावी.

यानंतर हॉटेलला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी. दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावं. अपघात अजमेरला झाला म्हणून अजमेरला खेपा घालायची गरज नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. फी भरपाईच्या आकड्यावर नसते, हॉटेलला दिलेल्या रकमेवर असते, आणि ती पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. म्हणजे खोलीचं बिल १८०० रुपये आणि मागणी दोन लाखांची, तरी फी शून्य. मुदत मात्र घटनेपासून दोन वर्षांची.

हा मार्ग नव्हता तेव्हाची एक गोष्ट. १९७२ मध्ये दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलच्या तलावात सूर मारताना एका जर्मन वैमानिकाच्या डोक्याला मार लागला आणि तो पंगू झाला. त्याच्या दाव्यात उच्च न्यायालयाने ५० लाख रुपये देण्याचा हुकूम दिला, तो १९९७ मध्ये. वैमानिक १९८५ मध्येच वारला होता, आणि अपिलात तो हुकूमही टिकला नाही. ग्राहक आयोगातही तारखा पडतात, पण एवढ्या नाहीत.

वकील हवा असेल आणि ऐपत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. महिला, मुलं आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख आहे. त्यांचा फोन १५१००, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५.