चौदाव्या वर्षी लिहिलेला निबंध आणि त्यानंतरची पुस्तके

पुण्यातल्या किशोरांसाठीच्या या वाचनयादीची सुरुवात पुण्यातच. मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली मातंग समाजातली विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने दोन भागांत छापला. तेव्हा ती सुमारे 14 वर्षांची होती. वेद वाचण्याची मुभा नसलेल्यांचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न. बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या बायकांचे हालही तिने मांडले. किशोरांना पहिल्यांदा हेच वाचायला द्यावे: वय त्यांचेच, शहरही ओळखीचे.

कादंबरी की आत्मकथन? कादंबरीत पात्रे कल्पित, काळ खरा असू शकतो. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’त (2004) नववीतल्या मुलाचे जग आहे, मागे आणीबाणी (1975–77). आत्मकथनात लेखक स्वतःचे जगणे सांगतो. उदाहरणार्थ:

- ‘बलुतं’, दया पवार, 1978: जात, गाव, मुंबई.
- ‘उपरा’, लक्ष्मण माने, 1980: कैकाडी समाजाची भटकंती.
- ‘झोंबी’, आनंद यादव, 1987: शिकण्यासाठी घरातच द्यावी लागलेली झुंज. शाळा सुटलेल्या, सुटू पाहणाऱ्या मुलांना फार जवळचे.

चरित्र: वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ (1981, राजहंस प्रकाशन, पुणे). गुलामीत जन्मलेला कृष्णवर्णीय मुलगा अमेरिकेत कृषिशास्त्रज्ञ होतो.

व्यसन: अनिल अवचट यांचे ‘गर्द’. ब्राउन शुगरच्या विळख्याबद्दल. अवचटांच्याच पुढाकाराने पुण्यातले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये सुरू झाले.